पावण्याचे सील मासे

नवी मुंबईत पावण्याच्या त्या कारखान्यात मी पहिल्यांदा गेले तेव्हा मालकांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि माझ्या तळहातावर एक काळी रबरी कडी ठेवली. बांगडीपेक्षा जाड, आतल्या बाजूने ओठासारखी दुमडलेली.

"ह्यो सील," ते म्हणाले. "ह्याच्यावर दुनिया चाललीया, ताई."

मशिनचा दांडा जिथे फिरतो तिथे ही कडी बसते आणि आतलं तेल बाहेर येऊ देत नाही. एवढंच तिचं काम. पण ते सांगताना त्यांचा चेहरा असा काही झाला होता की ती कडी टेबलावर परत ठेवायला मी धजले नाही, चहा संपेपर्यंत हातातच धरून बसले. साताऱ्याकडच्या गावातून तरुणपणी इकडे आलेला हा माणूस. आधी दुसऱ्याच्या रबर दाबायच्या प्रेसवर राबले, मग स्वतःची एक जुनी प्रेस घेतली, मग हा गाळा. कामगार त्यांना शेठ म्हणायचे, मी काका म्हणायला लागले.

मी वेबसाइट बनवते. मोठ्या कंपन्यांच्या नाही. वाशीतल्या आमच्या फ्लॅटची बाल्कनी आम्ही काचा लावून बंद करून घेतली आहे, तिथे माझं टेबल आहे. एका बाजूला कपडे वाळत असतात, दुसऱ्या बाजूला मी. माझी गिऱ्हाइकं सगळी अशीच, पावण्या-तुर्भ्यातले छोटे कारखानदार. एक जण फक्त पिंपांची झाकणं बनवतो. एकाचा सगळा संसार स्प्रिंगांवर उभा आहे. त्या स्प्रिंगवाल्याने वेबसाइट केली म्हणून काकांनाही हवी झाली.

त्यांची अट एकच होती. मजकूर त्यांचा, आणि त्यातला एक शब्दही मी बदलायचा नाही. परदेशी मशिनची माहितीपुस्तकं वाचून वाचून ते इंग्रजी शिकले होते आणि त्या इंग्रजीचा त्यांना अभिमान होता. त्यांनी जे लिहून दिलं त्याचा अर्थ साधारण असा होता: आमचे सील पाण्यात, तेलात आणि चिखलात आनंदाने राहतात. आम्ही त्यांना पोटच्या लेकरासारखं सांभाळतो. आमच्याकडे लहान सील आहेत आणि फार मोठेही आहेत. एकदा येऊन आमच्या सीलना जरूर भेटा.

'ऑइल सील' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी तसं सुचवलं तर ते म्हणाले, "दुसरा कुठला सील असतो का?" कंपनीला नाव त्यांच्या आईचं होतं, त्यामुळे त्यावरूनही काही कळत नव्हतं.

आता इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. वेबसाइटच्या पानाला दोन तोंडं असतात. एक माणसांसाठी, जे आपण वाचतो. दुसरं पानाच्या पोटात दडलेलं, यंत्रांसाठी. तिथे एका ठरावीक पद्धतीने लिहून ठेवायचं असतं की हे दुकान आहे, की दवाखाना, की शाळा, कुठे आहे, कधी उघडतं. त्याला स्ट्रक्चर्ड डेटा म्हणतात. लोक फोनवर काही शोधतात तेव्हा शोधणारं यंत्र पटकन तेच वाचतं आणि सांगून टाकतं. स्वयंपाकघरातल्या डब्यावर चिठ्ठी असते ना, तसं. घाईच्या वेळी डबा उघडून चव कोण घेत बसतं?

पूर्वी हे सगळं मी हाताने लिहायचे. एक स्वल्पविराम चुकला की सगळं बोंबललं. अलीकडे माझ्या कॉम्प्युटरवर कोड लिहून देणारा एक एआय असिस्टंट बसलेला असतो. मी त्याला काकांचा मजकूर दिला आणि म्हटलं, ह्याचा स्ट्रक्चर्ड डेटा करून दे. फोटो अजून काढायचे होते, त्यामुळे त्याच्यापुढे फक्त शब्द होते. त्याने आधी मजकुराचं कौतुक केलं. 'किती हृदयस्पर्शी परिचय आहे!' असं त्याने लिहिलं. मग विचारलं, 'काही माहिती अपुरी आहे. संदर्भावरून ती भरू का?'

घरी पाहुणे यायचे होते आणि गॅसवर रस्सा उकळत होता. मी 'हो' म्हटलं.

नंतर मी तो कोड तपासणीच्या यंत्रात घातला. सगळीकडे हिरवी खूण आली. मला फार बरं वाटलं. ते यंत्र फक्त कंस आणि स्वल्पविराम तपासतं, लिहिलेलं खरं की खोटं हे त्याच्या खात्यातच येत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण हिरवा रंग बघितला की माणूस निवांत होतो. फोटो नंतर घालू म्हणून मी पान तसंच चालू करून टाकलं.

काही दिवसांनी मी फोटो काढायला कारखान्यात गेले होते. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. हात रबराने काळे झालेले, म्हणून त्यांनी कोपराने स्पीकर चालू केला. पलीकडे एक बाई होत्या.

"तुमच्याकडे सील आहेत ना?"

"आहेत की! किती पायजेत?"

"नाही, नुसतं बघायला यायचंय."

"या ना. आधी बघावं, मगच ठरवावं."

"बरोबर लहान मुलं आहेत. हात लावू देता का?"

काका खूश झाले. "हात लावल्याबिगर सील कळतोय का, ताई? दाबून बघा, वढून बघा, पिळून बघा."

"पिळून?"

"काय हुत न्हाई. सोडला की परत गोल."

"पाण्यात असतात ना ते?"

"थोडे पाण्यातले. आमचे जास्ती करून तेलातले."

"तेलात?"

"उकळत्या तेलात टाकतो आमी. दुसऱ्या दिवशी काढून बघायचं, फुगला का, फाटला का. फुगला तर थेट कचऱ्यात."

"अहो, पण का?"

"टेस्टिंग, ताई! त्याबिगर आपल्याकडनं एक नग बाहेर जात न्हाई."

फोन कट झाला. काका म्हणाले, "रेंज गेली वाटतं." मलाही तसंच वाटलं. कुठल्या तरी कंपनीच्या खरेदी विभागातल्या बाई असतील, मुलांना शाळेतून घेऊन येता येता माल बघणार असतील, अशी माझी मीच समजूत घातली आणि फोटो काढायला लागले.

रविवारी सकाळी काकांचा मला फोन आला. आवाज घाबरलेला. "ताई, गेटवर बायकापोरं आल्याती. मासा दाखवा म्हनत्यात. तुमी या."

रविवारी पावण्यात चिटपाखरू नसतं. सगळ्या गाळ्यांची शटरं खाली, रस्त्यावर कुत्री आडवी पसरलेली. आणि आमच्या काकांच्या गेटसमोर मात्र जत्रा. पाच-सहा कुटुंबं तरी असतील. एका मुलाने पोहण्याचा चष्मा गळ्यात अडकवला होता. एक आजी वाशीच्या बाजारातून बांगडे घेऊन आल्या होत्या, सीलला भरवायला. वॉचमन पावणे गावातलेच, पिढ्यान् पिढ्या खाडीत मासेमारी केलेल्या घरातले. ते गेटला पाठ लावून उभे होते आणि आजींना समजावत होते, "आवो, माजा जलम या खारीन गेला. सील नावाचा मासा मी बगलाच नाय. कं दाखवू तुमाला?"

एका वडिलांनी मला फोन दाखवला. त्यांनी विचारलं होतं की रविवारी मुलांना कुठे न्यावं. उत्तर आलं होतं: पावणे येथे मत्स्यालय आहे. तेथे लहान-मोठे सील आनंदाने राहतात. रोज उघडे, रविवारीही. प्रवेश मोफत. सकाळी आणि दुपारी सीलना भरवण्याचा कार्यक्रम असतो. पाळीव प्राणी आणण्यास हरकत नाही.

असिस्टंटने 'संदर्भावरून' भरलेली माहिती ती हीच. मी काकांना बाजूला घेऊन काय झालं ते सांगितलं. त्यांना स्ट्रक्चर्ड डेटा कळला नाही, पण दारात आलेली माणसं आपल्या मजकुरामुळे आली आहेत एवढं बरोबर कळलं. ते वॉचमनला म्हणाले, "शटर वर घ्या. आल्या पावन्याला माघारी कसं लावायचं?"

शटर वर गेलं. होत्या तेवढ्या खुर्च्या, रबराच्या गोण्या, उलटे ठेवलेले क्रेट, सगळ्यांवर माणसं बसली. चहा आला. काकांनी रॅकवरून सील काढले आणि एकेका मुलाच्या हातावर ठेवले. मुलांनी त्या कड्यांत बोटं घालून बघितली.

"याचं तोंड कुठंय?" चष्मेवाल्या मुलाने विचारलं.

"हेच त्वांड. हे बघ, ह्याला लिप म्हनत्यात. लिप म्हंजे व्हट."

"शेपूट?"

"शेपूट नसतंय."

"मग पोहतो कसा?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

तिथेच त्यांच्या टेबलावर बसून मी असिस्टंटला लिहिलं की सील म्हणजे प्राणी नाही, हे रबराचे सील आहेत. त्याने लगेच उत्तर दिलं, 'अगदी योग्य निरीक्षण! गैरसमजाबद्दल दिलगीर आहे. मी दुरुस्ती केली आहे.' दुरुस्तीत त्याने काकांच्या कारखान्याचं रबरी शिक्के बनवणारं दुकान केलं होतं. मी म्हटलं, शिक्के नाहीत. त्याने पुन्हा माझ्या निरीक्षणाची तारीफ केली आणि मत्स्यालय परत आणलं, या वेळी 'प्राणी रबराचे असून जिवंत नाहीत' अशी टीप जोडून. शेवटी मी मत्स्यालयाचा भाग पुसला आणि हाताने लिहिलं. कारखाना. ऑइल सील. पत्ता. एवढं करून मी घरी आले. आजींचे बांगडे वॉचमनच्या घरी गेले.

माझा नवरा न्हावा शेव्याच्या बंदरावर कस्टम एजंटकडे काम करतो. त्याला हे सांगितलं तर तो हसला नाही, गंभीर झाला. म्हणाला, "आमच्याकडे जिवंत प्राणी आणि रबरी वस्तू यांचे कोड वेगळे असतात. असली चूक झाली तर अख्खा कंटेनर अडकतो. तुझ्याकडे नुसते लोकच आले ना?"

नुसते लोकच. पण ते थांबेनात. मी आमचं पान सुधारलं होतं, तरी तोवर ती माहिती आणखी कुठे कुठे जाऊन बसली होती. सहलीच्या जागा सुचवणाऱ्या साइट्सनी ती उचलली होती, आणि एका यंत्राने दुसऱ्याला सांगितलेलं मी कसं थांबवणार?

आणि मग मंगळवारी टेम्पो आला.

टेम्पोत एक भलामोठा प्लास्टिकचा टब होता, बर्फाच्या लाद्या होत्या, ओली पोती होती. बरोबर प्राण्यांसाठी काम करणारी माणसं, आणि पुढे एक करारी बाई, केस पांढरे, पायात बूट. फोनवरच्या त्या बाईंनी त्यांना सगळं कळवलं होतं. काकांनी मला बोलावून घेतलं. मी पोहोचले तेव्हा बाई काकांसमोर उभ्या होत्या.

"आम्हाला तेलाची खोली बघायची आहे."

"बघा की," काका म्हणाले. त्यांना वाटलं तपासणीला आल्यात. क्वालिटी दाखवायची अशी संधी त्यांना फार क्वचित मिळायची.

मी मध्ये पडून सांगायचा प्रयत्न केला. "मॅडम, जरा गैरसमज..."

"तुम्ही थांबा," बाई म्हणाल्या. "मी स्वतःच्या डोळ्यांनी बघणार."

खोलीत तेलाची छोटी टाकी तापत होती. काकांनी लांब चिमटा आत घातला, तेल निथळू दिलं आणि एक सील त्यांच्या नाकासमोर धरला. "ह्यो बघा. कालपास्नं आत हाय. हाय का कुठं फुगलेला? जसाच्या तसा!"

बाईंनी ती कडी निरखून बघितली. त्यांना त्याच क्षणी सगळं कळलं असणार. पण बाहेर बर्फ उभा होता, टब उभा होता, माणसं सुट्टी टाकून आली होती. एवढ्या तयारीनिशी आलेल्या माणसाला एकदम मागे वळता येत नाही.

"बाकीचे?" त्यांनी विचारलं.

"रॅकवर."

त्यांनी रॅक बघितले. एकेक खोका उघडून आत बघितलं. काका प्रत्येक खोक्याशी उभं राहून सांगत होते, हा पंपाचा, हा गिअरबॉक्सचा, हा ट्रॅक्टरचा. बाई मान डोलावत होत्या. शेवटी त्यांनी खोका मिटला आणि विचारलं, "हे रबर कुठल्या प्राण्यापासून तर नाही ना?"

"न्हाई, न्हाई."

"मग आमची हरकत नाही."

चहा झाला. बर्फ वितळायला लागला होता म्हणून कामगारांनी तो पाण्याच्या पिंपात टाकला आणि त्या दिवशी सगळ्या गल्लीने गार पाणी प्यायलं. निघताना बाईंबरोबरचे एक गृहस्थ हळूच मागे राहिले. त्यांच्या सोसायटीचा पाण्याचा पंप बरेच दिवस गळत होता. काकांनी मॉडेल विचारलं आणि सील काढून दिला.

काकांच्या मनाला वेगळंच लागलं होतं. मुलं हिरमुसून जात होती. दर रविवारी एखाद-दुसरं कुटुंब यायचं, काका शटर उघडायचे, चहा व्हायचा आणि मुलांची तोंडं पडायची. एक दिवस त्यांनी मला विचारलं, "ताई, त्यो मासा दिसतो कसा ओ?" मी फोनवर चित्रं दाखवली. त्यांनी आपल्या साचे करणाऱ्या कारागिराला बोलावलं. दोघंही त्या चित्रांकडे दोन टोकांना मान वाकडी करून बघत राहिले.

पहिला साचा झाला त्यातून वांगं निघालं. दुसऱ्यातून बिनपायांची मांजर. तिसऱ्या साच्यात कारागिराने मिशा घातल्या, तेव्हा तो थेट काकांसारखा दिसायला लागला. पण हे बोलायची कुणाची हिंमत झाली नाही. काकांना तो पसंत पडला. उरलेल्या रबराचे असे काळे, तुळतुळीत, मिशाळ मासे त्यांनी परातभर करून ठेवले आणि येईल त्या मुलाला एकेक द्यायला लागले.

अशाच एका रविवारी मी तिथे होते. मुलं मासे घेऊन फरशीवर बसली होती. तेवढ्यात एक माणूस घाईघाईने आत आला. कपडे तेलाने माखलेले, चेहऱ्यावर घाम.

"सील आहे का?"

काकांनी सवयीने परातीतला मासा त्याच्या हातावर ठेवला.

त्याने त्या माशाकडे बघितलं. मग काकांकडे. "हा नको हो. मला खरा सील पाहिजे."

"खरा इथं न्हाई मिळत," काका समजुतीच्या सुरात म्हणाले. "लोकांस्नी चुकीचं सांगितलंय कुनीतरी. बसा, चहा घ्या."

त्या माणसाने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात एक फाटलेला ऑइल सील होता. न्हावा शेव्याजवळच्या एका यार्डात तो मेकॅनिक होता. कंटेनर उचलणारं त्यांचं मशिन सकाळपासून तेल गळत उभं होतं आणि त्याच्यामागे ट्रकांची रांग लागली होती. सगळी दुकानं बंद. फोनवर शोधलं तर अख्ख्या पट्ट्यात हा एकच कारखाना रविवारी उघडा दाखवत होता.

काका उठले. गेले काही आठवडे मुलांना मासे वाटणारा तो माणूस एकदम कुठे गेला कळलं नाही. त्यांनी फाटलेला सील हातात घेतला, उजेडात धरला, माप घेतलं, रॅकवर शोधलं. तसा नव्हता. साचा मात्र होता. रविवार असल्यामुळे कामगार कुणीच नव्हते. त्यांनी स्वतः प्रेस तापवली, रबर कापून साच्यात भरलं आणि दाब दिला.

आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. एका आईने मुलाला उचलून घेतलं. प्रेस उघडली तेव्हा गरम रबराचा वास सुटला आणि आतून नवा कोरा सील निघाला, चकाकणारा, कडेने अजून वाफ येणारा. हातातले मासे फरशीवर ठेवून मुलं पुढे सरकली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. काकांनी ब्लेडने कडा साफ केली आणि सील गार होईपर्यंत त्या मेकॅनिकला चहा पाजला. तो एकेका घोटाला घड्याळ बघत होता.

तो गेल्यावर काका हात पुसत माझ्याकडे आले. "ताई, ते आयतवारचं तुमी खोडलं का न्हाई?"

मी पान सुधारताना वेळेचा भाग तसाच राहिला होता. मी म्हटलं, "राहिलाय. आत्ता काढते."

"काढू नका," ते म्हणाले.

तेव्हापासून रविवारी सकाळी एक प्रेस चालू असते. कामगारांना त्याबदल्यात सोमवारी सुट्टी मिळते. यार्डाची ऑर्डर आता नियमित येते. काकांच्या मजकुरात 'ऑइल' हा शब्द घालायची परवानगी मात्र मला अजून मिळालेली नाही. मी तो पानाच्या पोटात लिहिते, तिथे ते बघत नाहीत.

पुढच्याच रविवारी तो मेकॅनिक परत आला होता, या वेळी धुतलेल्या कपड्यांत, बायको आणि छोट्या मुलीला घेऊन. "चालतोय का सील?" काकांनी पहिल्यांदा तेच विचारलं.

"एक थेंब नाही गळला," तो म्हणाला.

काकांनी मुलीला परातीतला मासा दिला. तिने तो उलटासुलटा केला, मिशांवरून बोट फिरवलं आणि आईला म्हणाली, "मम्मी, बघ, कुत्रा!"

तिची आई तिला सुधारणार होती. काका खाली वाकले आणि म्हणाले, "व्हय गं बाय. कुत्राच हाय त्यो."